धुरातले पट्टे

नाही म्हणलं ना भाऊ, पट्टे-बिट्टे काही नाही आमच्या घरी — कोणं सांगतलं तुमाले, हंसाबाईनं? तिच्या तोंडाले कुलूपच नाही. घ्या, पाणी घ्या. मालक नाही घरी. राळेगावले गेले, कापसाची गाडी घेऊन — तिथं गाड्यायची रांग सडकेपर्यंत, कवा नंबर लागते कोणाले माहीत. म्हणजे, येतीनच ते. आताच येतीन. एकटी नाही मी.

अन् कायले पाहिजे तुमाले ते जमिनीचे जुने कागद? फोटू काढून यवतमाळले नीट ठेवता? कपाटात? भाऊ, कपाटात वाळवी लागते. आमच्या बुढीनं, म्हणजे सासूनं माह्या, कपाट पाह्यलंबी नाही, तरी चार पिढ्यांत एका कागदाले भोक नाही पडलं. कसं म्हणजे? धूर! बांबूच्या नळीत गुंडाळून घालाचे, तोंड मेणानं बुजवाचं, अन् — जाऊ द्या. वस्तीतला धर्मपाल म्हणे विहारात ठेवा. विहारात चूल कुठं हाये? साऱ्या वस्तीचे पट्टे एकाच घरी राह्यतात, सासूकडून सुनेकडं, अन् त्या घरची चूल एक दिवसबी थंडी पडली नाही पाहिजे. बुढी गेली त्या दिवशी — मयताच्या घरी कोणी चूल पेटवते का? म्या पेटवली. बायका तोंडावर बोलल्या, प्रभावतीले भूक आवरत नाही म्हणे. बोलू देलं. त्यायले काय सांगू, का वर —

ही चूल? ही तं चहासाठी पेटवली. भांडं? ठेवतेच ना आता. तुमी वर काहून पाहून राह्यले? बियाण्याचे कणसं हायेत ते, धुरानं काळे पडले.

खरं सांगू, भेव वाटते भाऊ. कुत्रं भुकलं तरी जीव पहिले चुलीकडं धावते. पोळ्याच्या टायमाले इजारदाराचे नातू आलते मोटार घेऊन. म्हणे गाव आमचं, तुमी नुसते मजूर. मजूर! रान होतं इथं, नुसतं रान — सरकारनं ते ठेक्यानं इजारदाराले देलं, अन् त्यानं आमच्या लोकायले पट्ट्यानं. तोडा, जाळा, पेरा, ताबा तुमचा. मालकाचा पणजा फकिरा, त्याचा अंगठा हाये पट्ट्यावर, असा का आताच उठवला. सोमवारी पांढरकवड्याच्या कोर्टात दाखवाचा हाये. वकीलसाहेब म्हणे अस्सल पाहिजे, नक्कल चालत नाही. तो कागद गेला का वस्ती गेली, समजलं? औंदाच्या कापसानं चुलीत घालाले पराटी देली, बाकी काही नाही. वावर तरी राहो.

कोणतं वावर? फकिराचं. ते नाल्यापलीकडचं. काय म्हणलं? सांबरझिरा?

पुन्हा म्हणा बरं.

सांबरझिरा कोणी म्हणत नाही त्याले. माह्या मालकालेबी माहीत नाही. सांबरं गेले, झिरा आटला, नावबी गेलं. ते नाव फक्त पट्ट्यात हाये, मोडीत. मले कुठं मोडी येते, चौथी शिकली मी. बुढीनं बोट ठेवू ठेवू पाठ करून घेतलं. यवतमाळच्या दफ्तरात वाचलं म्हणता? तिथं तं वकीलसाहेबानं धुंडू धुंडू पाह्यलं, नाही भेटलं. दोन कागद झालते त्याचे. एक आमच्याकडं. अन् एक इजारदाराच्या घरी.

तुमी कोणाकडचे, साहेब?

नाही, नका सांगू. उठा. खोटं बोलली मी, सारं खोटं, वर कणसंच हायेत. पाणी पेलं ना? निघा मंग. ही कुऱ्हाड पराटी तोडाची हाये, पण — मथुराबाई! अवं मथुराबाई, साऱ्या जणी या इकडं! — बूट घालाले एवढा वेळ लागते का? वर नका पाहू. वर नका पाहू म्हणलं ना!