माळावरचे चुना लावलेले दगड

माननीय अध्यक्ष महोदय, म्हणजे आमचे साहेब, व्यासपीठावर विराजमान झालेले प्रमुख पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले राखणदार काका, पहिल्या रांगेत बसलेल्या काकू आणि सभागृहातल्या बंधुभगिनींनो, माझा आवाज कापतोय तो माईकचा दोष नाही. मी या कार्यालयातली कारकून, आणि मी घाबरलेय. का, ते सांगतेच. पण काकांविषयी दोन शब्द बोलायला मला उभं केलंय, ते आधी.

एकतीस वर्षं काकांनी या इमारतीसमोरचा गवताळ माळ राखला. कसा राखला? ना बंदूक, ना कुंपण. रोज चहाच्या आधी एक फेरी. फुटक्या बाटलीची काच एका खिशात, प्लास्टिकची दोरी दुसऱ्या खिशात. काकू म्हणतात, "ह्यांची पँट धुवायची म्हणजे आधी देवाचं नाव घ्यायचं!" हसा, हसा. फिरायला येणाऱ्यांना काकांचं सांगणं एकच: कुत्र्याला बांधून आणा आणि खाली बघून चाला. खाली बघून का? इथले पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, आणि आसपास दुसरा माळच उरला नाही. सगळीकडे इमारती उठल्या. यंदा सात घरटी आहेत. अंडी मातीच्या रंगाची, दोन हातांवरूनही दिसायची नाहीत.

मग काकांना कशी सापडतात? झेंडी लावली तर कावळ्यांना आयताच पत्ता मिळतो. म्हणून घरट्यापासून तीन पावलांवर ते एक दगड उलटा ठेवतात, मातीची बाजू वर. बस्स. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मला मघाशी सांगितलं.

मघाशी म्हणजे पुष्पगुच्छ घेताना. तुम्ही टाळ्या वाजवत होतात, काका हसत होते, आणि हसता हसताच मला विचारत होते, "पोरी, वाटेच्या कडेचे ते चुना लावलेले दगड कुठून आणलेस गं?"

मी फुशारकीनं म्हटलं, "माळावरूनच की! काल शिपाईभाऊंना घेऊन गेले, सुटे सुटे दगड वेचले. पाहुणे यायचे म्हटल्यावर जरा शोभा नको?"

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. आज सकाळी आम्हीच गाडी पाठवून त्यांना नटवून आणलं, त्यामुळे एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांची फेरी चुकली होती. कानाशी लागून त्यांनी दगडांचं सगळं सांगितलं. काल आमच्या पायाखाली काय आलं? मला खरंच माहीत नाही. आणि कार्यक्रमपत्रिका माझ्याच हातची: भाषणांनंतर सर्वांनी माळावर चालत जाऊन छायाचित्र काढायचं. दीडशे माणसं, साहेब! आणि एकही दगड जागेवर नाही.

काका म्हणाले, "तू गप्प बस. साहेब तुला फाडून खातील. मी पोटात दुखतंय म्हणतो, फोटो आपोआप रद्द होईल." साहेब, रागावू नका, हे त्यांचे शब्द आहेत. पण एवढ्या नोकरीचा शेवट खोट्या पोटदुखीनं? नाही काका, ते माझ्याच्यानं होणार नाही. भीती वाटतेय, पण बोलते.

अध्यक्ष महोदय, मला जी शिक्षा करायची ती उद्या करा. आत्ता फोटो रद्द करा. सर्वांनी मागच्या दारानं, डांबरी रस्त्यानं बाहेर पडावं. चुकूनसुद्धा कुणी माळावर उतरू नका, हात जोडते. काका, जरा थांबा, अहो, बूट हातात घेऊन कुठे निघालात? मीही येते. तुमचं पाऊल पडेल तिथेच पाऊल टाकीन.

मंडळी, ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. कालच्या चुकीची माफी मात्र आत्ता मागत नाही. सातही घरटी सापडू देत, मग मागेन.