चुंबकाचं कडं अन् काळी स्क्रीन

आमच्या यायलेच विचारा, हे बसले इथं चहा पीत. लॅपटॉपची स्क्रीन कोनं दुरुस्त केली?

हे टाइप कराले बसले की स्क्रीन काळी होये. वाशीमले दुकानात नेला. दुकानवाल्यानं टाइप केलं तर चालू, यायनं हात ठेवला की बंद.

"स्क्रीनच बदला लागते," दुकानवाला म्हणे. हे लगेच तयार.

म्या म्हटलं, "थांबा. ते हातातलं कडं काढा अगुदर."

"काहून? गुडघ्यासाठी हाये ते."

पोहरादेवीच्या यात्रेत घेतलेलं चुंबकाचं कडं. आंघोळीलेही निघत नव्हतं.

"गुडघ्याचं मंग पाहू. काढा."

कडं निघालं अन् स्क्रीन लख्ख. जवळ नेलं की पुन्हा बंद. माह्या मोबाईलचं कव्हर असंच हाये, लावलं की त्यातल्या चुंबकानं स्क्रीन झोपते. लॅपटॉपलेही वाटे, झाकणच लागलं. दुकानवाल्यानं स्क्रू खोलाले घेतलेला पेचकस परत डब्यात ठेवला.

ते कडं आता माह्या हातात असते. ताट वाढल्यावर हे लॅपटॉपपासून उठले नाही, तर मी हाका मारतच नाही. नुसता कीबोर्डवर हात टेकवला की झालं.