एक डॉलरची वाढ

ऑकलंडला बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. दोघीही आपल्या घरी लोकांची मुलं पैसे घेऊन सांभाळणाऱ्या.

“लोसामावशी, दर वाढवलास का शेवटी?”

“वाढवला. सहा वर्षांनी, तासाला एक डॉलर. चिठ्ठी पाकिटात घातली, तालीयाच्या आईच्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात पळाले.”

“भित्री कुठली. मग?”

“पाकीट न उघडताच ती दारात रडायला लागली.”

“अगं बाई, का?”

“तिला वाटलं, मी काम बंद करतेय. चिठ्ठी वाचली तशी गळ्यातच पडली.”

“एका डॉलरवर सुटली ना. दोन मागायचेस.”

“तीही तेच म्हणाली. सोमवारपासून दोन देणार आहे.”