क्रीमचा वडाभात

(जबलपूर, मदन महल. रामरावांच्या पंचाहत्तरीची दुपार. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी रामराव, त्यांची बायको सत्यवती आणि नात शरयू.)

रामराव : ने तो बाजूला. माझ्यापुढे वडाभात काहून ठेवला? गयेला सोडला ना मी.

शरयू : आबा, वडाभात नाही, कपकेक आहे. आज आपका बर्थडे है, म्हणून खास केला. हा भात म्हणजे क्रीम. एक-एक दाणा पाडता पाडता गर्दन अकड गई मेरी.

रामराव : अन् हे वडे?

शरयू : चॉकलेट केकचे गोळे. वर तेल दिसून राहिलं ना, ते कॅरॅमल. मिरची पण साखरेची.

सत्यवती : दिसतो मात्र खरा, बाप्पा. सकाळी समोरचे विष्णुपंत पेपर न्यायला आले, तर हिच्या ट्रेमधला केकचा समोसा उचलला अन् चटणी मागितली.

शरयू : आजी, तू दिली?

सत्यवती : पाहुण्यानं मागितली तर द्यावी लागते. चटणी लावून अख्खा खाल्ला. म्हणाले, वहिनी, सारण जरा गोड झालं.

रामराव : तुम्हाला हसू येऊन राहिलं. मी वडलांचे पिंड देऊन हातावर पाणी सोडलं आहे. पंडा म्हणाला, आवडीची वस्तू सोडा. मी वडाभात म्हटलं. जन्माचा सोडला.

शरयू : पर आबा, इसमें न दाल है, न चावल.

रामराव : फॅक्टरीत जन्मभर तोफांचे भाग तपासले मी. अर्धा माल नुसत्या रूपावरून परत पाठवायचो. हा रूपानं वडाभात आहे.

सत्यवती : रूपानंही नाही. वडे असे अख्खे ठेवतात का कोणी? गरम भातावर कुस्करायचे, बोटं भाजली पाहिजेत. अन् तेल काय औषधासारखं थेंबथेंब घातलं? मोहरी तडतडली, हिंग पडला, की मिरची काळी व्हायच्या आत थेट भातावर ओतायचं. चर्र वाजलं पाहिजे.

शरयू : रुक, कुस्करते. कॅरॅमल पण अजून घालते. आता?

सत्यवती : आता झाला. माझ्याच तोंडाला पाणी सुटलं बघ.

शरयू : तू लास्ट कब बनाया, आजी? मी तर आपल्या घरी कधी खाल्लाच नाही.

सत्यवती : यांनी सोडला तेव्हा तुझ्या बापाचं, मोहनचं, लग्न व्हायचं होतं. तेव्हापासून नाही.

शरयू : पण तू थोडी सोडला होता.

सत्यवती : मी काहून सोडू? मी कारलं सोडलं. आवडत कुठं होतं मला. पितरांची काही तक्रार नाही आली.

शरयू : मग तू काहून नाही खाल्ला?

सत्यवती : घरभर फोडणीचा वास सुटला असता अन् हे पोळी-भाजी खात बसले असते. माझ्या घशाखाली घास उतरला असता का?

रामराव : विभावरीकडे वडाभात होतो की नेहमी. शेजारीच तर आहे.

सत्यवती : ती बोलावते. मी सांगते, जेवण झालं.

रामराव : मला कधी बोलली नाहीस.

सत्यवती : तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला एवढ्या कौतुकानं सांगायचे, मी वडाभात सोडला. त्यात मी माझं कुठं मधे घालू?

शरयू : आबा, कपकेक उचलू का?

रामराव : राहू दे. इतकी वर्षं मला वाटून राहिलं होतं, मी एकट्यानंच सोडला. वाईट वाटलं.

सत्यवती : वाढदिवसाला काय वाईट वाटून घेता. खा तो केक. साखर काही तुम्ही सोडली नाही.

रामराव : नाही सोडली. माल पास. पण आज नाही खात. सत्यवती, डाळी रात्री भिजवल्या तर उद्या वडे होतील?

सत्यवती : होतील की. पण तुमचं पाणी सोडलेलं आहे.

रामराव : ते आहेच. वडाभात तू खायचा. मी समोर बसून हा केक खातो. संगतीला.

सत्यवती : फोडणीचा वास येईल हं तुम्हाला.

रामराव : वास कुठं सोडला मी?

शरयू : आजी, तू रो रही है क्या?

सत्यवती : नाही ग. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं मला.

शरयू : चलो, मग हा फ्रिजमधे ठेवते. संध्याकाळी पाहुण्यांच्या हाती लागू द्यायचा नाही. विष्णुपंतांच्या तर बिलकुल नाही.

सत्यवती : ठेव. अन् माळ्यावर मोठी कढई आहे, पार मागे गेली असेल. काढ तेवढी, अन् घासायला आबांकडे दे.