मनातली भाकरी

सोलापूरच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"मावशी, तुमच्यागत आमच्या आईलाबी पार्किन्सन हाय. डॉक्टर म्हणत्यात, डोक्यात तारा बसवा. मला लई भ्या वाटतंय."

"मला बसवल्यात की. आज त्याच तारांतनं मेंदूची ईसीजीगत रेघ बघितली पडद्यावर."

"ती कशी?"

"डॉक्टर म्हणले, हात मांडीवर ठेवा अन् मनातच भाकरी थापा. हात जागचा हलला न्हाय, पर रेघ हलली!"

"आगं बया! मनातलं दिसलं?"

"मग हाताचं कापणं थांबवणारा तारांचा करंट बंद केला. हात लटलटा कापाया लागला. म्हणले, आता परत थापा."

"थापली?"

"थापली की. हात मांडीवर कापतच हुता, पोरी, अन् आत भाकरी गोलच झाली."