परीक्षा शब्दांची

...आणि वर मलाच म्हणते, "काका, घाबरू नका, परीक्षा तुमची नाही, शब्दांची आहे!" अहो, परीक्षा शब्दांची, मग घाम मला का फुटला?

तुम्हाला सांगतो, मी विद्यापीठात गेलो होतो एका कागदासाठी. पदवीचं प्रमाणपत्र. प्रयोगशाळेत बावीस वर्षं बाटल्या विसळल्यावर साहेबांना एकदाची दया आली. म्हणाले, "मुख्य तंत्रज्ञ करतो तुम्हाला, फक्त शुक्रवारपर्यंत प्रमाणपत्र दाखवा, नाहीतर जागा त्या टायवाल्याला जाईल." टाय लावून येणारं ते नवं पोर! परीक्षानळी उलटी धरतो हो तो! आणि माझं प्रमाणपत्र तर घर बदललं तेव्हापासून गायब. बायकोला विचारलं, तर शांतपणे म्हणते, "नीट ठेवलंय कुठंतरी." झालं! आमच्याकडं इकडंतिकडं पडलेली वस्तू सापडते, पण एकदा नीट ठेवली की तिच्या नावानं आंघोळच करायची.

म्हणून सोमवारी विद्यापीठ. खिडकीतला कारकून मान वर न करता, "सगळं वेबसाइटवर आहे." म्हटलं, वेबसाइटवर कुठं? "वेबसाइटवरच." तेवढ्यात एक चष्मेवाली मुलगी आली, हातात वही. "काका, अर्धा तास आहे? वेबसाइटवर कशाला काय नाव द्यायचं, ते तपासतोय आम्ही." म्हटलं, देवच पावला!

मला एका खोलीत बसवलं. समोर संगणक, पडद्यावर नुसते शब्द. तिनं चिठ्ठी वाचली, "समजा, तुमचं पदवी प्रमाणपत्र हरवलंय..." अहो, समजा कशाला? हरवलंयच की! "...तर कुठं क्लिक कराल? आणि मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा." मोठ्यानं? लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हीच सवय मोडून संसार केलाय मी!

बघतो तर काय, 'सेवा'. आता ती करायची की घ्यायची? दाबलं. आत 'अभ्यागत निवास'. मागे आलो. 'माजी विद्यार्थी' दाबलं, म्हटलं मीच तो, तर आत 'स्नेहमेळावा' आणि 'देणगी'. 'इतर' दाबलं, तर त्याच्या आत आणखी एक 'इतर'! वहीवाली भराभरा लिहितेय, खूश होऊन! म्हटलं, "चुकतंय का माझं?" तर गोड हसून, "परीक्षा तुमची नाही, काका..." हो, हो, शब्दांची! "मग बरोबर कुठलं, ते तरी सांग." "ते सांगता येत नाही, काका. सांगितलं तर परीक्षा कसली?"

अर्ध्या तासानं सोडलं, तेव्हा कळलं. 'संसाधने', त्याच्या आत 'प्रलेख', त्याच्या आत 'द्वितीय प्रत निर्गमन', म्हणजे दुसरी प्रत देणं! अहो, तिथवर गेलो होतो मी! निर्गमन वाचलं, म्हटलं हा बाहेर जायचा रस्ता, मागे फिरलो!

"मग तुम्ही काय नाव दिलं असतं?" तिनं विचारलं. वैतागून म्हटलं, "हरवलंय! दुसरं काय?" तिनं ते लिहून घेतलं, खाली दोन रेघा ओढल्या. म्हटलं, आता दाब ते निर्गमन, अर्ज भरून टाकतो. तर म्हणते, "आमच्याकडं नुसते शब्दच आहेत, काका. पानं दुसरा विभाग करतो, ती अजून व्हायचीत."

मंगळवारी खिडकी, बुधवारी खिडकी. "वेबसाइटवरच."

गुरुवारी संध्याकाळी वहीवालीचा फोन. "काका, तुमचा शब्द पहिला आला! बाराच्या बारा जणांनी निर्गमनाला दार समजून पाठ फिरवली होती. आजच बदललं, बघा!" तुम्हाला खरं सांगतो, ऊर भरून आला. शाळेतसुद्धा पहिला आलो नव्हतो मी कधी. संगणक लावला. आणि काय सांगू, अगदी वरच, ठळक अक्षरांत, माझा शब्द! 'हरवलंय?' प्रश्नचिन्ह त्यांचं, शब्द माझा. दाबला.

पांढरं पान. मधोमध एकच ओळ. 'आपण शोधत असलेले पान सापडत नाही.'

परत दाबलं. तेच. शब्द पास झाला हो, पण मी पास झालो होतो, हे आता सांगायचं कुणाला? उद्या शुक्रवार, आणि टायवाला उद्या लवकर येणार. मागून बायको डोकावली. म्हटलं, "बघ, यांचं पानच हरवलंय."

ती म्हणाली, "हरवेल कशाला? नीट ठेवलं असेल त्यांनी कुठंतरी."