मी बोलली ते अन् खाली आलं ते

माहेर माझं वर्ध्याकडचं, गाव लहान, आमची वस्ती नाल्याच्या पल्याड, म्हणजे आम्ही कोण ते तुम्हाले समजलंच असन. बाप जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचले. घरात बुद्धाची तसबीर, अन् बाप रोज म्हणे, कुसुमले शिकवीन, लय शिकवीन, पण दहावी झाली अन् हे स्थळ आलं. नवरा हाटेलात कुक, आधी दुबईत, मग इकडं न्यू जर्सीत, मग आमचेही कागदपत्रं झाले अन् मी आली, लेक तेव्हा पहिलीत होती. विमानात मी काय विचार करून राहिली होती, सांगू तुम्हाले? की आता नाला संपला. एवढा समुद्र ओलांडला बाप्पा, आता कायचा नाला. किती भोळी होती मी.

नवरा इथंच गेला, हाटेलात भट्टीपुढं उभा होता अन् खाली पडला, हार्ट. मग मी लोकाईचे लेकरं सांभाळाले लागली. जर्सी सिटीत नदीकाठी त्या उंच बिल्डिंगी आहेत ना, तिथं एक ताई होती, पुण्याची, नवराबायको दोघंही सकाळीच ट्रेन पकडून मॅनहॅटनले जात. ताई चांगली होती, खोटं कायले बोलू. मावशी, मावशी करे. तिची रेवा मान धरत नव्हती तेव्हापासून माझ्या मांडीवर. स्वयंपाकही मीच करू. रेवा बोलाले लागली तं मले पाहिजे, मले पाहिजे म्हणे, माझंच ऐकून ना, अन् ताई हसून लोटपोट होई, म्हणे मावशी, माझी पोरगी तुम्ही वऱ्हाडी करून टाकली.

मग ताईची सासू आली राहाले. पहिल्याच दिवशी विचारलं, गाव कोणतं, म्हटलं अमुक. आडनाव काय, तेही सांगितलं, मी कायले लपवू? ती फक्त अस्सं म्हणाली. दुसऱ्या दिवशी ताई म्हणे, मावशी, तुम्ही दमता, स्वयंपाक राहू द्या, आई करतील. मी म्हटलं बरं. मग माझा चहाचा कप सिंकखाली ठेवाले लागले, फिनाईलच्या बाटलीजवळ. ताईले मी डोळ्यात पाहत होती तं ती फोनमध्ये पाहे. रागवती, भांडती तं बरं वाटलं असतं, पण भांडण नाही, काही नाही, सगळं गोड आवाजात. अन् एका शुक्रवारी म्हणे, रेवाले आता डेकेअरमध्ये घालतो, सोशल व्हायला पाहिजे ना. मी निघाली तं पोट्टी मागं धावली, मले यायचं, मले यायचं, अन् सासूनं तिले मागं ओढलं. लिफ्टमध्ये आवाज येतच होता.

हे मी कोणाले सांगितलं नव्हतं. लेकीलेही नाही. मग ती निशा आली. मिशिगनच्या डॉक्टरांची पोरगी, जन्म इथलाच, मराठी मोडकं तोडकं. दुसऱ्याच्या घरी काम करणाऱ्या बायांवर फिल्म बनवून राहिली होती, एक फिलिपिन्सची बाई, एक मेक्सिकोची, अन् एक मी. पूर्ण हिवाळा माझ्या किचनमध्ये कॅमेरा लावून बसली. म्हणे, कुसुममावशी, तू मनातलं बोल, आय ॲम लिसनिंग. अन् मी बोलली. सगळं बोलली, सासू, कप, पोट्टीचं रडणं. निशा रडली, मले मिठी मारली. मले वाटलं, चला, एक माणूस तं भेटलं.

फिल्म लायब्ररीच्या हॉलमध्ये दाखवली, रविवारी दुपारी. लेकीनं तिच्या ऑफिसचे लोक बोलावले, मोठ्या हौसेनं, माझी आई फिल्ममध्ये आहे म्हणून. तिचा बॉस मराठीच, तोही बायकोले घेऊन आलता. आमच्या मराठी मंडळाचेही लय लोक होते.

तं काय सांगू तुम्हाले, पडद्यावर मी पोळ्या लाटून राहिली, मागं बासरी वाजून राहिली. सासूनं आडनाव विचारलं ते नाहीच. सिंकखालचं नाही. मी म्हणते, त्याईनं माझा कप वेगळा केला, अन् हॉलमधल्या गोऱ्या बाया एकदम ऑ करून गहिवरल्या. मले समजेना. लेकीले विचारलं, काऊन गं ह्या अशा करतात? ती माझ्या कानाजवळ वाकली. मग हळूच म्हणे, आई, खाली इंग्लिशमध्ये लिहिलंय की त्यांनी मला माझा स्वतःचा कप दिला. म्हणजे जसा काही बड्डेले देतात!

फिल्म संपल्यावर निशानं मले पुढं बोलावलं, फुलं दिले, माइक दिला. मी म्हटलं, तो कप प्रेमानं नव्हता दिला बाबाहो, माझी जात समजली म्हणून वेगळा केला, अन् पोट्टीही त्याच्याचसाठी तोडली माझ्यापासून. निशाचं तोंड उतरलं. मी म्हटलं तू नको सांगू, माझी लेक सांगन इंग्लिशमध्ये. लेक उठली. बॉसकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, अन् म्हणाली, शी सेज थँक यू, शी इज व्हेरी हॅपी. एवढं इंग्लिश तं मले येते. टाळ्या. अन् ज्याईले माझं मराठी समजलं होतं, त्याईनंच जास्त जोरात वाजवल्या.

गाडीत ती स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. म्हणे, आई, तू माझी पण जात सांगून टाकलीस. मी म्हटलं, मी माझी सांगितली. ती म्हणे, तुझी सांगितली की माझी राहते का वेगळी? मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिनं तो झटकला नाही, एवढंच. पुढं ऑफिसमध्ये बॉस गोडच बोले, पण शुक्रवारी सगळे मराठी मिळून जेवाले जात, ते हिले बोलावणं बंद झालं. ते गोड मले चांगलं माहीत आहे.

निशा आली होती नंतर, केक घेऊन. म्हणे मावशी, अमेरिकन लोकांना कास्ट समजवायला वेळ लागतो, आणि आपले लोक वाईट दिसले असते, इथे ऑलरेडी आपल्याला काय काय म्हणतात. मी म्हटलं, बाई, आपले म्हणजे कोणाचे? तिनं केकचा डबा माझ्याकडं सरकवला. ती वाईट पोरगी नाही. वाईट तं कोणीच नाही, तेच तं.

लेकीनं नोकरी सोडली, दूर कॅलिफोर्नियात, सांता क्लाराले गेली. फोन येते रविवारी, जेवली का, पाय दुखते का, बस. फिल्मचं ती काढत नाही, मीही काढत नाही. मी एका पोलिश म्हातारीकडं जाते, तिची आंघोळ, औषधं. तिले काही देणंघेणं नाही मी कोणाची, काम चाललं आहे.

आता तुम्ही आले हे रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन. लिहा. जसं बोलली तसंच लिहा, गोड करू नका. माझं नाव लिहा, नाला लिहा, सगळं लिहा. फक्त लेकीचं नाव विचारू नका मले. माझं काय, झालं आता माझं, तिले अजून लय वर्षं काढायचे आहेत आपल्या लोकाईत. सगळ्याईचं मंगल होवो म्हणतो आम्ही, तसं तुमचंही होवो, अन् त्या ताईचंही. पण माझ्या लेकीचं पहिले होवो.